कायद्याची मदत की मौनाची किंमत? : ‘स्पॉटलाइट’ या चित्रपटाचा चिकित्सक अभ्यास

प्रास्ताविक

टॉम मॅकार्थी दिग्दर्शित ‘स्पॉटलाइट’ हा अमेरिकन चित्रपट २०१५ साली प्रदर्शित झाला. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यास सर्वोत्कृष्ट चित्रपट व सर्वोत्कृष्ट मूळ पटकथा असे दोन ऑस्कर पुरस्कार मिळाले. बॉस्टन शहरातील कॅथलिक धर्मगुरूंनी अनेक दशके लहान मुलांवर लैंगिक अत्याचार केले आणि तेथील महाधर्मप्रांताने ते दडवून ठेवले. ‘बॉस्टन ग्लोब’ या दैनिकाच्या शोधपथकाने हा प्रकार कसा उघडकीस आणला, हे या चित्रपटाचे कथानक होय. मालिकेतील पहिली बातमी ६ जानेवारी २००२ रोजी प्रसिद्ध झाली आणि २००३ साली दैनिकास लोकसेवेसाठीचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. साहजिकच ‘स्पॉटलाइट’ची चर्चा शोधपत्रकारितेचा गौरव करणारा चित्रपट म्हणून होत आली आहे.

ही चर्चा चुकीची नाही, पण अपुरी आहे. चित्रपट बारकाईने पाहिल्यास त्यातील निर्णायक घटना वृत्तपत्राच्या कचेरीइतक्याच वकिलांच्या कचेऱ्यांत आणि न्यायालयाच्या अभिलेख कक्षात घडतात, असे दिसून येते. पत्रकारांना जे सत्य शोधावे लागते ते बव्हंशी वकिलांना आधीच ठाऊक असते. मग ते इतकी वर्षे लोकांपर्यंत का पोचले नाही, हा चित्रपटाचा खरा प्रश्न आहे. बालपणी अत्याचार सोसलेल्या माणसाला मिळणाऱ्या कायदेशीर मदतीची दोन रूपे चित्रपटात समोरासमोर येतात. एक रूप भरपाई मिळवून देते आणि मोबदल्यात मौन विकत घेते. दुसरे रूप भरपाई लांबणीवर टाकते, पण संस्थेचे कागद उघडे करते. हा भेद ओळखणे हे चित्रपटाचे मोठे सामर्थ्य आहे. मात्र बातमी छापून आली की कथा पूर्ण झाली, असे मानणे ही त्याची मोठी मर्यादा आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंचा विचार केला आहे. वसईच्या मराठी ख्रिस्ती समाजात रूढ असलेले ‘धर्मग्राम’ आणि ‘धर्मप्रांत’ हे शब्द येथे त्याच अर्थाने योजले आहेत.

पार्श्वभूमी : कायद्याच्या तीन भिंती

धर्मगुरूंच्या अत्याचारांची प्रकरणे अमेरिकेत २००२ साली प्रथमच पुढे आली असे नाही. लुइझियाना राज्यातील लाफायेत धर्मप्रांतात गिल्बर्ट गोथे या धर्मगुरूने १९८५ साली न्यायालयात गुन्हे कबूल केले आणि त्यास २० वर्षांची शिक्षा झाली. तेथील अनेक कुटुंबांनी गुप्त तडजोडी स्वीकारल्या होत्या. एका कुटुंबाने मात्र मौनाची अट नाकारली आणि १९८६ साली दावा खुल्या न्यायालयात चालविला. पुढील वाटचालीचे बीज या एका नकारात होते. मॅसॅच्युसेट्स राज्यातच फॉल रिव्हर धर्मप्रांतातील जेम्स पोर्टर प्रकरण १९९२ साली गाजले होते. तरीही शेजारच्या बॉस्टनमध्ये आणखी दहा वर्षे सारे झाकलेले राहिले.

बॉस्टनमधील मुख्य प्रकरण जॉन गेगन या धर्मगुरूचे होते. सुमारे तीस वर्षांच्या काळात अर्धा डझन धर्मग्रामांतून त्याची नेमणूक होत राहिली आणि १३० हून अधिक व्यक्तींनी त्याच्यावर आरोप केले. त्याच्याविरुद्धचे सुमारे ५० दावे महाधर्मप्रांताने एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम देऊन २००२ पूर्वीच मिटविले होते. एवढी रक्कम दिली गेली, एवढे वकील व मध्यस्थ राबले, तरी गोपनीय कागदांपैकी एकही लोकांसमोर आला नव्हता.

यामागे कायद्याच्याच तीन भिंती होत्या. पहिली भिंत मुदतीची. चित्रपटात सांगितल्याप्रमाणे दावा दाखल करण्यास तीन वर्षांची मुदत होती. हानी ध्यानात आल्यापासून मुदत मोजण्याची सोय असली, तरी ती केव्हा ध्यानात आली हे सिद्ध करण्याचा भार पीडितावरच पडे. दहाव्या वर्षी अत्याचार सोसलेला मुलगा त्याविषयी बोलू लागेतो चाळिशीत पोचलेला असतो, हे मानसशास्त्राला ठाऊक होते, पण कायद्याने ते पुरेसे मानलेले नव्हते. दुसरी भिंत धर्मादाय संस्थांना मिळणाऱ्या संरक्षणाची. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यानुसार धर्मादाय संस्थेकडून मिळू शकणाऱ्या भरपाईवर २०,००० डॉलरची कमाल मर्यादा होती. जन्मभराच्या हानीचे मोल कायद्यानेच आधी बांधून ठेवले होते. तिसरी भिंत गोपनीय तडजोडीची होती, आणि ती पहिल्या दोन भिंतींच्या आधाराने उभी होती. दावा मुदतबाह्य ठरण्याची भीती असलेला आणि जिंकला तरी अल्प रक्कम मिळणार हे जाणणारा माणूस तडजोडीला तयार होणारच. त्याचा वकीलही त्याला तोच सल्ला देणार.

चित्रपटाचा आरंभ या व्यवस्थेचे सार दाखवितो. १९७६ सालची रात्र, बॉस्टनमधील पोलीस ठाणे, आत बसलेली एक आई आणि तिची मुले. चर्चचा वरिष्ठ अधिकारी तिची समजूत घालत आहे. सरकारी वकिलांच्या कार्यालयातील माणूस येऊन जातो. नव्या पोलिसाला वाटते की आता प्रकरण न्यायालयात जाईल आणि ते वृत्तपत्रांपासून लपविणे कठीण होईल. न्यायालयाचा प्रश्नच येणार नाही, हे जुन्या पोलिसाला माहीत आहे. थोड्या वेळाने धर्मगुरू काळ्या मोटारीत बसून निघून जातो. या प्रसंगात कोणी आरडाओरडा करीत नाही, कोणी कोणाला धमकावीत नाही. सारे सौजन्याने पार पडते, आणि म्हणूनच तो प्रसंग अस्वस्थ करतो.

मौनाचा करार

एरिक मॅक्लिश या वकिलाच्या व्यक्तिरेखेतून (बिली क्रुडप) चित्रपट तडजोडीचे अर्थकारण उलगडतो. त्याची कचेरी प्रशस्त आहे, बोलणे सफाईदार आहे आणि युक्तिवादही पोकळ नाही. मुदत संपलेली, भरपाईला मर्यादा, साक्षीदार लाजेने गप्प. अशा स्थितीत अशिलाला काहीतरी मिळवून दिले, एवढेच त्याचे म्हणणे. अनेक पीडितांना तर पैशाहून अधिक काही हवे होते. झाले ते खरोखर झाले, असे कोणा वरिष्ठाने त्यांच्या तोंडावर मान्य करावे एवढीच त्यांची अपेक्षा होती. ते बंद दाराआड मान्य केले जाई आणि दाराबाहेर पडण्यापूर्वी गोपनीयतेच्या अटीवर सही घेतली जाई.

या व्यवहाराचे कायदेशीर स्वरूप पाहण्यासारखे आहे. अशा अनेक तडजोडी दावा दाखल होण्यापूर्वीच होत. दावा नाही म्हणून न्यायालयात नोंद नाही, नोंद नाही म्हणून पुढच्या पीडिताच्या वकिलाला पूर्वीचे प्रकरण कळण्याचा मार्ग नाही. प्रत्येक पीडिताला आपण एकटेच आहोत असे वाटत राही. अमेरिकेत अशा दाव्यांत वकिलाचे शुल्क साधारणपणे मिळालेल्या रकमेच्या एक-तृतीयांश असते. त्यामुळे लवकर मिटणारे प्रकरण वकिलालाही सोयीचे असते. लहान मुलांवरील अत्याचारांचा वकिलांनी एक घरगुती धंदाच करून टाकला, असा ठपका शोधपथकाचा प्रमुख रॉबी रॉबिन्सन (मायकेल कीटन) ठेवतो, तो या अर्थाने.

रॉबीचा मित्र जिम सलिव्हन हाही वकीलच आहे, पण तो चर्चच्या बाजूचा. अशिलाचे गुपित राखणे हे वकिलाचे कर्तव्य आहे आणि त्या कर्तव्याआड तो उभा राहतो. शेवटी रॉबी त्याच्यासमोर सत्तर नावांची यादी ठेवतो, तेव्हा आधी संतापलेला हा मनुष्य अखेरीस त्या नावांवर खूण करून देतो. व्यवसायनीती आणि माणुसकी यांतील ताण चित्रपटाने येथे भाष्य न करता दाखविला आहे. प्रेक्षकाला सलिव्हनचा राग येतो, पण अशिलाचे गुपित फोडणाऱ्या वकिलाकडे उद्या कोण जाईल, हा प्रश्नही डावलता येत नाही.

या सर्वांच्या विरोधी टोकाला फिल साव्हियानो हा पीडितांचा कार्यकर्ता उभा आहे. वुस्टर धर्मप्रांताने देऊ केलेल्या तडजोडीतील मौनाची अट त्याने प्रत्यक्ष आयुष्यात नाकारली होती. म्हणूनच चित्रपटात तो कागदांनी भरलेले खोके घेऊन वृत्तपत्राच्या कचेरीत येऊ शकतो. सही केलेल्या शेकडो माणसांजवळही सांगण्यासारखे होते, पण त्यांच्या बोलण्यावर कराराचे कुलूप होते. आपण स्वतःला ‘पीडित’ न म्हणता ‘वाचलेले’ का म्हणतो, याचे त्याने दिलेले स्पष्टीकरण साधे आहे : सगळेच वाचले नाहीत.

निशाणी लावलेले कागद

मिचेल गॅराबेडियन (स्टॅन्ली टुच्ची) हा चित्रपटातील दुसऱ्या प्रकारच्या मदतीचा प्रतिनिधी होय. त्याच्या कचेरीत कागदांचे ढीग आहेत, तो तुसडा आहे, पत्रकारांवर त्याचा विश्वास नाही. आर्मेनियन वंशाचा असल्याने कॅथलिक बॉस्टनमध्ये तो बाहेरचा मानला जातो. नवा संपादक मार्टी बॅरन हाही ज्यू आणि मायामीहून आलेला. गावातले प्रश्न गावाबाहेरच्यांनाच का दिसतात, असा विचार चित्रपट या जोडीतून सुचवितो.

गॅराबेडियनची पद्धत तडजोडीच्या उलट आहे. तो दावे दाखल करतो, म्हणजे न्यायालयात नोंद निर्माण करतो. तो वरिष्ठांना व्यक्तिशः प्रतिवादी करतो. याचे कायदेशीर महत्त्व मोठे आहे. भरपाईची मर्यादा धर्मादाय संस्थेला लागू होती. देखरेखीत कसूर करणाऱ्या व्यक्तीला तिचा आडोसा नव्हता. कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना प्रतिवादी केल्यामुळेच त्यांना उत्तर दाखल करावे लागले. गेगनविषयीच्या तक्रारीचे पत्र आपल्याला १९८४ साली मिळाले होते, हे त्यांनी २००१ सालच्या उत्तरात मान्य केले. त्याच वर्षाअखेर गेगनची वेस्टन येथील धर्मग्रामात नेमणूक झाली होती आणि त्या नेमणुकीस बिशप जॉन डार्सी यांनी पत्राने हरकत घेतली होती. ही माहिती मिळविण्यास कोणा गुप्त सूत्राची गरज लागली नाही. दिवाणी दाव्यातील लेखी जबाब हा साधा दस्तऐवज पुरेसा ठरला.

उरलेले कागद न्यायालयाच्या आदेशाने मोहोरबंद होते. त्यातून गॅराबेडियन काढतो ती वाट हा पटकथेतील सर्वांत कुशल भाग आहे. चर्चच्या वकिलांच्या एका अर्जाला उत्तर देताना तो निवडक कागद पुरावा म्हणून जोडतो. आपल्याकडील न्यायालयीन परिभाषेत सांगायचे तर त्यांना निशाणी क्रमांक पडतो. अर्जाला जोडलेला कागद खुल्या अभिलेखाचा भाग बनतो आणि खुला अभिलेख कोणालाही पाहता येतो. मात्र पत्रकार मायकेल रेझेंडेस (मार्क रफालो) पाहू जातो तेव्हा फाईलमध्ये ते कागद जागेवर नसतात. कागद पुन्हा दाखल होतात. मग कारकुनाची मनधरणी, न्यायाधीशांची परवानगी, बंद होत आलेला कक्ष आणि झेरॉक्स यंत्राशेजारी ताटकळणारा वार्ताहर. इतर चित्रपटांत जी जागा पाठलागाची असते, ती येथे नकला काढण्याने घेतली आहे.

दरम्यान दैनिकाच्या स्वतंत्र अर्जावर न्यायाधीश कॉन्स्टन्स स्वीनी यांनी नोव्हेंबर २००१ मध्ये कागद खुले करण्याचा आदेश दिला. अपिलातही तो टिकला. या आदेशानंतर जे घडले त्याला बातमीइतकेच न्यायदानही कारणीभूत होते, हे विसरता येत नाही.

न्यायव्यवस्थेचे असे रुक्ष चित्रण मराठी प्रेक्षकाला अपरिचित नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा चित्रपट २०१५ सालीच भारतात प्रदर्शित झाला. त्यातही न्यायालय हे गर्जणाऱ्या संवादांचे ठिकाण नसून तारखा, अर्ज आणि वाचून दाखविलेली कलमे यांचे ठिकाण आहे. फरक एवढाच की ‘कोर्ट’मधील कागद माणसाला अडकवितो, तर ‘स्पॉटलाइट’मधील कागद त्याला सोडवितो. दोन्ही चित्रपट मिळून कागदाची सत्ता कोणाच्या हातात आहे, हा एकच प्रश्न विचारतात.

साक्षीची भाषा

साहित्याच्या अभ्यासकाला या चित्रपटात विशेष लक्षणीय वाटावा असा धागा भाषेचा आहे. वार्ताहर साशा फायफर (रेचेल मॅकॲडम्स) एका पीडिताशी बोलत असताना तो घडलेले एका सर्वसाधारण, सभ्य शब्दात सांगून टाकतो. ती त्याला थांबविते. नेमके काय घडले ते नेमक्या शब्दांत सांगावे लागेल, असे समजावते. हा प्रसंग निर्दय वाटण्याची शक्यता होती, परंतु अभिनयातील संयमाने तो तसा होत नाही. वकिलालाही हेच करावे लागते. सौम्य शब्द पीडिताची लाज राखतो, पण तोच आरोपीलाही झाकतो.

याच्या विरुद्ध बाजूला संस्थेची भाषा आहे. चर्चच्या वार्षिक निर्देशिकांत वादग्रस्त धर्मगुरूंच्या नावांपुढे ‘आजारपणाची रजा’, ‘नेमणूक नाही’ अशा नोंदी आढळतात. शोधपथक या नोंदी वर्षानुवर्षांच्या खंडांतून गोळा करते आणि त्यांतून संशयितांची यादी तयार होते. तडजोडीच्या करारातील भाषा तर याहून पुढची असते. तीत रक्कम असते, तारीख असते, पण कृत्याचे नाव सहसा नसते. सभ्य शब्द, सांकेतिक शब्द आणि शब्दांचा अभाव या तीन पायऱ्यांनी गुन्हा कसा नाहीसा होतो, हे चित्रपटाने कोणत्याही सिद्धान्ताचे नाव न घेता दाखविले आहे. भाषा व सत्ता यांच्या संबंधाचा अभ्यास करणाऱ्यांसाठी हे उत्तम उदाहरण आहे.

चित्रपटाच्या मर्यादा

वरील गुण मान्य करूनही काही आक्षेप नोंदविणे आवश्यक आहे.

पहिला आक्षेप दोन वकिलांच्या मांडणीविषयी. चित्रपटात मॅक्लिश तडजोडीचा आणि गॅराबेडियन संघर्षाचा प्रतिनिधी होतो. वास्तव इतके सरळ नव्हते. १९९२ सालच्या पोर्टर प्रकरणात मॅक्लिश यांनी पीडितांना घेऊन जाहीरपणे बाजू मांडली होती. पुढे एप्रिल २००२ मध्ये पॉल शॅन्ली या धर्मगुरूविषयीची चर्चची कागदपत्रे त्यांनीच पत्रकार परिषदेत उघड केली. म्हणजे एकाच वकिलाच्या हातून मौनाचे करारही झाले आणि कागदही उघडे झाले. याचा अर्थ दोष केवळ व्यक्तीच्या स्वभावात नसून त्या काळी कायदा कोणता मार्ग सोपा करून ठेवतो यात आहे. चांगला वकील व वाईट वकील अशी विभागणी केल्याने व्यवस्थेवरील टीका सौम्य होते. न्यायासाठी हे नोंदवावयास हवे की चित्रपट वृत्तपत्राला मात्र सोडीत नाही. वीस धर्मगुरूंची यादी मॅक्लिशने पूर्वीच दैनिकाकडे पाठविली होती आणि ती आपल्याच हातून दुर्लक्षित झाली, ही रॉबीची कबुली हा चित्रपटाचा नैतिक कळस आहे. तीच कठोर समज वकिली व्यवसायाच्या चित्रणात आली असती तर बरे झाले असते.

दुसरा आक्षेप श्रेयाचा. न्यायालयातील दाव्यांच्या आधारे ‘बॉस्टन फिनिक्स’ या साप्ताहिकाने मार्च २००१ मध्येच गेगन प्रकरणावर सविस्तर लेख छापला होता. चित्रपटात त्याला ओझरत्या उल्लेखापलीकडे स्थान नाही. तसेच, एका महाविद्यालयाच्या अधिकाऱ्याच्या तोंडी घातलेले संवाद काल्पनिक असल्याचे वितरकांना २०१६ साली जाहीरपणे मान्य करावे लागले. सत्यकथनाचा आग्रह धरणाऱ्या कलाकृतीकडून ही चूक व्हावी, हे खटकते.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा. चित्रपट बातमी छापल्याच्या सकाळी संपतो. कचेरीतील दूरध्वनी खणखणू लागतात, पीडित माणसे बोलू लागतात, पडद्यावर गावांची नावे येतात. परिणाम जबरदस्त आहे. पण फोन ठेवल्यानंतर त्या माणसाने कोणाकडे जावे? वृत्तपत्र त्याची कहाणी छापील. त्याचा दावा चालविणार नाही. शेवटाकडील एका प्रसंगात याचे भान क्षणभर दिसते. ताजा अंक घेऊन रेझेंडेस गॅराबेडियनकडे जातो, तेव्हा आतल्या खोलीत दोन लहान मुले बसलेली असतात. वकील अंक ठेवून घेतो आणि पुन्हा त्या मुलांकडे वळतो. चित्रपट त्याच्यामागे खोलीत गेला असता, तर कदाचित तो अधिक मोठा झाला असता.

चित्रपट संपल्यानंतर

त्या बंद खोलीत पुढे काय झाले, हे आज सांगता येते. कार्डिनल लॉ यांनी डिसेंबर २००२ मध्ये राजीनामा दिला. सप्टेंबर २००३ मध्ये बॉस्टन महाधर्मप्रांताने साडेपाचशेच्या आसपास पीडितांशी साडेआठ कोटी डॉलरची तडजोड केली. यावेळी कागद आधीच उघडे झाले होते. पुढील वर्षी महाधर्मप्रांताला ब्रायटन येथील आपली मालमत्ता विकावी लागली. मॅसॅच्युसेट्सच्या महाधिवक्त्यांच्या जुलै २००३ मधील अहवालात ७८९ पीडितांच्या तक्रारींची नोंद आहे. मात्र तत्कालीन कायद्यानुसार वरिष्ठांवर फौजदारी कारवाई करता येत नाही, असाच त्याचा निष्कर्ष होता. फौजदारी कायदा जेथे थांबला तेथे दिवाणी दाव्याने काम केले.

देशपातळीवर जॉन जे महाविद्यालयाच्या फेब्रुवारी २००४ मधील अहवालाने १९५० ते २००२ या काळातील ४,३९२ धर्मगुरू आणि १०,६६७ तक्रारदार यांची मोजदाद केली. त्यानंतर लढा मुदतीच्या भिंतीशी होता. कॅलिफोर्नियाने २००३ साली मुदत संपलेल्या दाव्यांसाठी एक वर्षाची सवलत दिली. मॅसॅच्युसेट्सने २०१४ साली पीडिताला वयाच्या ५३ व्या वर्षापर्यंत दावा करण्याची मुभा दिली. परंतु संस्थेवरील जबाबदारी मागील घटनांना लागू केली नाही. न्यूयॉर्कमध्ये ऑगस्ट २०१९ पासून दोन वर्षे अशी सवलत खुली होती आणि त्या काळात चर्च, शाळा व अन्य संस्थांविरुद्ध सुमारे ११,००० दावे दाखल झाले. लॉस एंजेलिस महाधर्मप्रांताने ऑक्टोबर २०२४ मध्ये १,३५३ दावेदारांशी ८८ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली.

परंतु भिंती पडतात तशा नव्या उभ्याही राहतात. २००४ साली पोर्टलंड महाधर्मप्रांताने दिवाळखोरीचा अर्ज केला; तेव्हापासून ३० हून अधिक धर्मप्रांतांनी हा मार्ग पत्करला आहे. मेरीलँडने २०२३ साली मुदतीची अट काढून टाकली. तो कायदा अमलात येण्याच्या तोंडावर बाल्टिमोर महाधर्मप्रांताने दिवाळखोरी जाहीर केली. दिवाळखोरीचा अर्ज होताच सर्व दावे थांबतात आणि त्यांबरोबर कागद मागविण्याची प्रक्रियाही थांबते. पीडित हा धनकोंपैकी एक ठरतो. भरपाईचे वाटप होते, पण कोणाला काय ठाऊक होते हे शपथेवर सांगण्याची वेळ बहुधा येत नाही. गोपनीय तडजोडीचे काम आता खुल्या न्यायालयातील ही प्रक्रिया करू लागली आहे, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त होणार नाही. व्हॅटिकनने डिसेंबर २०१९ मध्ये अशा प्रकरणांवरील धर्मपीठीय गोपनीयता उठविली, ही स्वागतार्ह बाब आहे. तिचा लाभ कागद मागणाऱ्याला किती होतो, यावर तिचे मोल ठरेल.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने

हा चित्रपट बॉस्टनचा आहे आणि तेथील कायद्याच्या चौकटीतच तो समजून घेतला पाहिजे. तथापि त्याने उभा केलेला प्रश्न एका धर्माचा वा एका शहराचा नाही. शाळा, वसतिगृहे, आश्रम, क्रीडासंस्था. जेथे मूल मोठ्यांच्या विश्वासावर सोपविले जाते आणि संस्थेची प्रतिष्ठा मुलाच्या शब्दाहून मोठी मानली जाते, तेथे तो लागू होतो. भारतात १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आलेल्या बाललैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्याने, म्हणजेच ‘पॉक्सो’ने, यापैकी काही गोष्टी आरंभीच निश्चित केल्या आहेत. कलम १९ नुसार गुन्ह्याची माहिती देणे बंधनकारक आहे; कलम २१ नुसार ती न देणारा संस्थाप्रमुख शिक्षेस पात्र ठरतो. कलम ४० नुसार मुलाच्या कुटुंबाला वकिलाची मदत घेता येते आणि वकील परवडत नसल्यास विधी सेवा प्राधिकरणाने तो द्यावयाचा आहे. बॉस्टनमधील पीडितांना मिळकतीचा तिसरा हिस्सा देऊन जी मदत घ्यावी लागली, ती येथे निदान कागदावर हक्क म्हणून दिली आहे.

मात्र २०१२ पूर्वीच्या अत्याचारांना हा कायदा लागू नाही, आणि संस्थेला प्रतिवादी करून तिचे कागद मागविणाऱ्या दिवाणी दाव्यांची परंपरा आपल्याकडे अद्याप क्षीण आहे. ‘स्पॉटलाइट’ पाहताना महाविद्यालयीन अध्यापकाला हे जाणवावे की कलम १९ त्याच्याही संस्थेला लागू आहे. कनिष्ठ महाविद्यालयातील बहुसंख्य विद्यार्थी अठरा वर्षांखालील असतात.

निष्कर्ष

१. ‘स्पॉटलाइट’ हा केवळ पत्रकारितेचा चित्रपट नसून कायदेशीर मदतीच्या दोन परस्परविरोधी अर्थांचा चित्रपट आहे. पीडिताला भरपाई मिळणे आणि सत्य नोंदविले जाणे या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे तो परिणामकारकपणे दाखवितो.

२. मुदत, भरपाईची मर्यादा आणि गोपनीयतेची अट या तीन तरतुदी मिळून मौन निर्माण करतात. चित्रपटाने हे ओळखले असले, तरी वकिलांच्या व्यक्तिचित्रणात त्याचे ओझे व्यक्तींवर टाकले आहे.

३. सौम्य, सांकेतिक व मूक अशा तीन भाषांमधून गुन्हा नाहीसा होण्याची प्रक्रिया हा चित्रपटाचा सर्वांत मौलिक वाङ्मयीन विशेष आहे.

४. बातमीच्या क्षणी कथा संपविल्याने पीडिताचा पुढील कायदेशीर प्रवास चित्रपटाच्या कक्षेबाहेर राहिला आहे. दिवाळखोरीच्या मार्गाने मौन परत येत असता ही उणीव आज अधिक जाणवते.

अत्याचाराला बळी पडलेल्या मुलासाठी वकील काय करतो, याची कसोटी अखेर एकच राहते. प्रकरण संपले तेव्हा ते मूल, मोठे झाल्यावर, घडलेले सांगण्यास मोकळे आहे की नाही? वुस्टरच्या त्या एका माणसाने मौनावर सही केली नाही, म्हणून त्याच्या हातात खोके उरले होते.